बोटीवरची झोप

प्रिय ढब्बू,

पाकिटावर हे नाव घातलेलं नाही, काळजी करू नकोस. पाकिटावर तुझं पूर्ण नाव आहे, हुद्द्यासकट. आत मात्र तू ढब्बूच राहणार, मग डोक्यावरचे उरलेसुरले केस पांढरे का होईनात.

फोनवर तू म्हणालास, आई, हो की नाही ते एका शब्दात सांग. बाबांना त्या वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं की नाही. तिथे खोली रिकामी झालीय, रविवारपर्यंत कळवलं नाही तर दुसऱ्याला देतील. मला एका शब्दात काही सांगता येईना. हल्ली तोंड उघडलं की एक तर जांभई येते, नाहीतर रडू येतं, आणि फोनवर दोन्ही वाईट दिसतं. म्हणून लिहायला बसलेय. बाबा समोरच आहेत, चमच्याच्या दांड्याने टेबलाचा स्क्रू पिळताहेत. स्क्रू हलत नाही तोवर मला सवड आहे. बोटीच्या दिवसापासून सुरुवात करते. त्या दिवसावरून तू मला बरंच बोललास, आणि खरं तर तो दिवस आपल्या दोघांनाही अर्धाच माहीत होता.

ती बोट आमची फार जुनी हौस. मी, मेट्रन आणि धाकटी, तिघी एकाच वॉर्डात रात्रपाळीला असायचो. धाकटीला आता नातवंडं आहेत, तरी ती धाकटीच. वॉर्डाच्या टोकाच्या खिडकीतून बंदरातल्या बोटींचे दिवे दिसायचे. मेट्रन म्हणायची, एक दिवस आपण अख्खी बोट घेऊ, आपल्या तिघींपुरती, घंटा नाही, पेशंट नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. मग लग्नं, बाळंतपणं, बदल्या, आणि शेवटी तुझ्या बाबांचं हे विसरणं. बोट राहूनच गेली. या वर्षी मेट्रनने कुणाला न विचारता दिवसभरासाठी बोट ठरवली आणि मला फक्त तारीख सांगितली. तिचं ते तसंच. ती विचारत नाही, कळवते.

तुला घरी ये म्हणाले तेव्हा तू कुरकुर न करता आलास, हे मी विसरलेले नाही. आदल्या दिवशी तुला सगळं समजावलं. गोळ्या कुठल्या, आंघोळीला कसं राजी करायचं, गॅसचं बटण कसं बंद ठेवायचं. मुख्य गोष्ट सांगायची राहिली. ती माझ्या इतकी अंगवळणी पडलीय की ती सांगावी लागेल हेच डोक्यात आलं नाही. बाबांना मध्येच वाटतं की कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट बंद पडलीय आणि आत माणसं अडकलीत. वेळ-काळ काही नसतो. उठतात, बूट घालतात, हत्यारं शोधतात. तेव्हा मी सांगते की आत्ताच फोन आला होता, सुटली हो सगळी माणसं. मग ते हुश्श करून बसतात. थोड्या वेळाने पुन्हा उठतात, मी पुन्हा सांगते. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला त्यांचा, बाकी सगळं विसरले तरी ते कसे विसरतील. पण या दोन वर्षांत मला सलग झोप म्हणून मिळालेली नाही. डोळा लागतो न लागतो तोच बुटांचा आवाज येतो.

तर त्या दिवशी घरातून पाय निघत नव्हता. धक्क्यावर पोचले तर त्या दोघी नवरीची वाट बघावी तशा उभ्या. धाकटीने तिघींसाठी एकसारख्या टोप्या आणल्या होत्या, सँडविच, उकडलेली अंडी, संत्री, दोन थर्मास चहा, पत्त्यांचा कॅट. मेट्रन बोटवाल्याची उलटतपासणी घेत होती, इंजिन शेवटचं कधी तपासलं, लाइफ जॅकेटं मोजून दाखव. बोट छोटीशी होती, पांढरी, वर निळं कापड ताणलेलं, दोन्ही बाजूंना बाक. बेत असा होता की समोरच्या बेटावर जायचं, दीपगृह चढायचं, वर बसून जेवायचं, आणि सूर्य बुडताना परत यायचं. मी फोन हातातच धरून बाकावर बसले. बोट निघाली, तोंडावर वारा आला. धाकटी कुठल्यातरी जुन्या डॉक्टरची नक्कल करायला लागली. नक्कल कुणाची ते ऐकायचं राहिलं.

जाग आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. आधी कळेचना, मी कुठे आहे. डोक्याखाली लाइफ जॅकेट, अंगावर धाकटीची ओढणी. सांगू का ढब्बू, कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणभर मला आठवतच नव्हतं की मला नवरा आहे, घर आहे, मुलगा आहे. नुसतं पाणी दिसत होतं आणि अंग हलकं होतं. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पाठोपाठ सगळं आठवलं तेव्हा रडू आलं.

मग पाहिलं तर बोट उभी होती. इंजिन बंद, नांगर टाकलेला, किनारा अजून दिसत होता. बेट होतं तिथेच, लांब. बोटवाला पुढच्या टोकाला टोपी तोंडावर घेऊन घोरत होता. मेट्रन आणि धाकटी समोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, अनवाणी, चपला एका कोपऱ्यात जोडीने ठेवलेल्या, आणि एक शब्द न बोलता पत्ते खेळत होत्या. खाणाखुणा करून भांडतही होत्या. माझ्या डोक्याशी कठड्याला मेट्रनचा रुमाल बांधलेला होता, गाठ मारून.

ती गाठ तुला सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रात्रपाळीला आम्ही आळीपाळीने थोडं थोडं झोपायचो. जिची झोपायची पाळी, ती खुर्चीच्या हाताला रुमालाची गाठ मारायची. गाठ दिसली की जागी असलेलीने चपला काढायच्या, अनवाणी फिरायचं, आणि कुणाच्या जिवावर बेतल्याशिवाय तिला उठवायचं नाही. घंटा वाजली, डॉक्टर ओरडला, जे काय होईल ते जागी असलेलीने निभवायचं. मेट्रनचा दुसरा नियम असा की ड्यूटी संपताना कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. आधी पेशंट पुढच्या पाळीच्या हवाली करायचे, मग झोपायचं, मग बाकीचं. थकलेल्या डोक्याला चुकीचंच बरोबर वाटतं, असं ती म्हणायची.

मी बोटीवर रुमाल बांधला नव्हता. तो मेट्रनने बांधला. मला झोप लागलेली बघून तिने बोटवाल्याला इंजिन बंद करायला लावलं, त्याचा रेडिओ बंद करायला लावला, आणि मग त्या दोघींनी आपल्या इतक्या वर्षांच्या हौसेचा अख्खा दिवस पाण्याच्या मधोमध तोंडाला कुलूप लावून काढला. जेवल्यासुद्धा नाहीत, म्हणे डबे वाजतात. ऊन सरकेल तसं मेट्रन वरचं कापड ओढून माझ्यावर सावली धरत होती, तिचा एक हात कोपरापर्यंत लाल झाला होता. मी म्हटलं, अगं, दीपगृह राहिलं की तुमचं. तर धाकटी म्हणाली, ते कुठे पळून जातंय. आणि मग मोठ्या आवाजात बोलायची मोकळीक मिळाली तशा दोघी पत्त्यांवरून एकमेकींवर तुटून पडल्या.

तुझा फोन मेट्रनने घेतला होता, हे मला तिथेच कळलं. बाबा अंगावर धावून आले, लिफ्ट लिफ्ट करताहेत, आईला दे, असं तू म्हणालास. तिने विचारलं, कुणाला लागलंय? रक्त आलंय? श्वास ठीक आहे ना? मग आई झोपलीय, आता तिथे तूच आहेस, तूच बघ. आणि फोन ठेवला. तुझा जळफळाट मला समजतो. संध्याकाळी दारातच तू माझ्यावर ओरडलास, त्या दोघींच्या देखत. इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालंय आणि तू बोटीवर मजा मारतेयस, म्हणालास. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेली मेट्रन तेव्हा मान खाली घालून उभी राहिली. सकाळी तू निघून गेलास. जाताना म्हणालास, एका दिवसात माझे हात टेकले, हे मला जमणारं नाही, त्यांची सोय बघू.

आता तुझ्याकडून न कळलेला अर्धा दिवस. परवा समोरच्या शिलाईवाल्या बाई उशीचे अभ्रे द्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, मुलाने त्या दिवशी वडिलांना काय छान रमवलं हो. मी म्हटलं, कसं रमवलं? त्यांनी अभ्रे टेबलावर ठेवले. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणाल्या, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

मेट्रनने फोन ठेवल्यावर तू बाबांना, तुम्ही रिटायर झालायत, लिफ्टबिफ्ट काही नाही, असं ओरडून सांगत होतास आणि ते रडत होते, हे बाईंना दारापलीकडून ऐकू आलं. मग एकदम शांत झालं. त्यांनी दार उघडून पाहिलं तर तू आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरला होतास, जाळीचं दार लावून घेतलं होतंस आणि आतून हाका मारत होतास, अहो कुणी आहे का, मला बाहेर काढा. बाबा बाहेर बूट घालून, हातात चमचा घेऊन उभे. त्यांनी चमच्याने दाराच्या कडीवर ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, घाबरू नका, मी आलोय, हात आत ठेवा. मग दार उघडून तुला हात देऊन बाहेर काढलं, पाठीवर थोपटलं. तुला ओळखलं नाही, पण थोपटलं. थोड्या वेळाने तू पुन्हा आत गेलास. बाई म्हणाल्या, दुपारभर हेच चाललं होतं. एकदा त्याही भाजीची पिशवी घेऊन अडकून आल्या. हे सांगताना त्या हसत होत्या, मी मात्र तिथेच खुर्चीत बसले.

त्या रात्री बाबा उजाडेपर्यंत गाढ झोपले होते, हे तुला ठाऊक नसेल. मला वाटलं, तुझ्यावर चिडून थकले. आता कळतंय की दोन वर्षं मी त्यांना माणसं सुटल्याचं नुसतं सांगत होते, आणि तू एका दुपारी त्यांना ती स्वतःच्या हाताने सोडवू दिलीस. हे मला सुचलं नव्हतं रे. इतकी वर्षं नर्स म्हणून काढली, तरी नाही सुचलं. आणि वर तू म्हणतोस, मला जमत नाही.

संस्थेला मी नाही म्हणत नाही. तिथली माणसं राक्षस नसतात, मी त्यांच्यातलीच आहे. कदाचित तेच योग्य ठरेल. पण माझी ड्यूटी अजून संपलेली नाही, आणि या वेळी निर्णय घ्यायचा नाही हे मला शिकवलेलं आहे. म्हणून रविवारी मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. रविवारी तू ये. संस्थेला सांग, खोली दुसऱ्याला द्या, पुढे कधी रिकामी झाली तर कळवा. तू घरून काम करतोस ना, मग महिनाभर या घरून कर, सूनबाईशी मी बोललेय, ती म्हणाली खुशाल न्या. पेशंट तुझ्या हवाली करून मी झोपणार आहे. पोटभर झोपून उठले की आपण दोघं टेबलाशी बसू, तोवर त्याचे स्क्रू शाबूत राहिले तर, आणि मग ठरवू. खाटेच्या कठड्याला मी मेट्रनचा रुमाल बांधून ठेवलाय. आलास की बेल वाजवू नकोस, किल्ली शिलाईवाल्या बाईंकडे आहे. चपला बाहेर काढ. बाबा बूट घालून दाराशी उभे असतील, तर त्यांना त्यांचंच वाक्य सांग, घाबरू नका, मी आलोय. जरा मोठ्याने सांग, म्हणजे झोपेतही मला ऐकू येईल. पण उठवू नकोस.

तुझीच, डोळे मिटत आलेली,
आई