बाहेरच्या खेळाडूविरुद्ध अर्ज

मास्तर,

इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, आणि त्याआधीची वीसेक वर्षं एकाच शहरात राहून मी तुमच्या दारावरून सायकल न थांबवता जात राहिलो. तेव्हाच थांबून विचारायला हवं होतं. माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे, बी.ए.चं पहिलं वर्षसुद्धा पुरं नाही, त्यामुळे चुका होतील आणि तुम्ही त्या शोधालच. माफी मागतो ती फक्त उशिराची. बाकी कशाची नाही.

सध्या मी इकडे परदेशात, मार्कहॅमला मुलाच्या घरी असतो. बायको गेल्यावर त्याने आणलं. मुलगा आणि सून ऑफिसात, आणि मी बेसमेंटमध्ये गटिंगच्या मशीनपाशी, लोकांच्या टेनिसच्या रॅकेटी विणत. मशीन मुलानेच घेऊन दिलं. हाताला काम असलं की बाबा काळजी कमी करतात, असं त्याचं म्हणणं. तसं काही होत नाही. गॅस बंद आहे का हे मी दिवसातून चारदा वर जाऊन बघतो, आणि या घरात गॅस नाहीच, विजेची शेगडी आहे. नात अठरा वर्षांची झाली. तिला रॅकेट धरायला मी शिकवलं, उन्हाळ्यात पार्कातल्या कोर्टावर, थंडीत हवा भरलेल्या त्या पांढऱ्या तंबूत, ज्याला हे लोक बबल म्हणतात. पकड तुमचीच शिकवली. दुसरी मला येत नव्हती.

ती इथल्याच विद्यापीठात जाणार आणि त्यांच्या टीममध्ये खेळणार, हे दोन वर्षं ठरल्यासारखं होतं. कोच तिच्या मॅच बघायला यायचा, माझ्याशी हात मिळवायचा. टीममध्ये एक जागा उरली होती. मग या ऑगस्टमध्ये त्याचा ईमेल आला. सुनेने तो ओट्यापाशी उभं राहून वाचून दाखवला. या वर्षी डोमेस्टिक खेळाडू आणखी घेत नाही, उरलेली जागा एका इंटरनॅशनल खेळाडूला दिली आहे. आमच्या नागपुरात डोमेस्टिक म्हणजे गॅसचा सिलिंडर. मी म्हटलं, "म्हणजे आपली पोर घरगुती झाली काय? पापड-कुरडयांसारखी?" मुलगा म्हणाला, "बाबा, बाहेरून येणारे खेळाडू वयाने मोठे असतात, दोन-तीन वर्षं स्पर्धा खेळून आलेले असतात. कोचला यंदाच जिंकायचंय, त्याला थांबायला वेळ नाही." नात म्हणाली, "इट्स फाइन, आजोबा," आणि रॅकेटची बॅग गॅरेजमध्ये विंटर टायर्सच्या मागे ठेवून आली. तिथे आम्ही एरवी न लागणाऱ्या वस्तू ठेवतो.

तेव्हा मला तुमचा आवाज ऐकू आला. "पिकतं तिथं विकत नाही, बाबू."

कॉलेजच्या कोर्टांना माझे वडील पाणी मारायचे, रोलर ओढायचे. तुम्हीच त्यांना म्हणाला होता, पोराचं नाव घाला कॉलेजात, टीममधली चौथी जागा त्याची. नाव घातलं. आणि महिन्याभरात तुम्ही हैदराबादहून तो मुलगा आणलात. लोखंडी ट्रंक, पांढरेशुभ्र बूट, आणि उलट्या हाताचा फटका असा, की बघणारा गप्प व्हावा. मी तारेच्या कुंपणापाशी तुम्हाला गाठतो आणि विचारतो, "मास्तर, माझी जागा?" तुम्ही माझ्याकडे न बघता ते वाक्य बोलता, आणि वर म्हणता, "त्याच्यासोबत रोज खेळत जा. तुझाही हात सुधारेल." म्हणजे माझी जागा त्याला, आणि त्याला सराव मी द्यायचा. वडील पलीकडे पाइप धरून उभे आहेत. त्यांनी ऐकलं. ते पाणी मारत राहिले. त्या एका जागी इतकं पाणी झालं, की दुसऱ्या दिवशी कोर्ट बंद ठेवावं लागलं.

तर नोव्हेंबरात बेसमेंटच्या बाजूच्या दारावर टकटक झाली. एक मुलगी, बुटांवर बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे डाग, खांद्याला दोन रॅकेटी. "काका, इथे गटिंग करून भेटते का?" इथे सगळे स्ट्रिंगिंग म्हणतात. गटिंग हा शब्द मी इकडे आल्यापासून दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी इतका खूश झालो की नाव-गाव विचारायच्या आधी चहा टाकला. ती नागपूरची, धरमपेठेतली निघाली. मशीनकडे बघत म्हणाली, "आमच्या क्लबातले मार्करकाका हातानेच करत. दोरी दातात धरून." मी म्हटलं, "मीही तसंच करायचो, म्हणून हे दात असे." ती हसली. मग मी विचारलं, खेळतेस कुठे. तिने विद्यापीठाचं नाव सांगितलं, कोचचं सांगितलं. मी वय विचारलं. एकवीस.

कप माझ्या हातात होता तो मी मशीनवर ठेवला. तिला काही कळलं नाही. आपल्या भाषेचं माणूस भेटलं की पोरं सगळं ओकतात. "टीमची प्रॅक्टिस झाली की एका रेस्टॉरंटात कांदे चिरते, काका. स्टुडंट परमिटवर जितके तास काम चालते त्याच्या दुप्पट करून राहिली मी. वरचे तास कागदावर नाहीत. आईला वाटते मी लायब्ररीत आहे. तुम्ही कोणाला सांगू नका हां, आजोबा."

"आत्ता काका होतो, लगेच आजोबा?"

"चहा पाजला ना तुम्ही."

ती गेली. मी तिच्या रॅकेटी मशीनला लावल्या आणि चोख विणून दिल्या. गटिंगमध्ये सूड घेणारा माणूस मी नाही. मी सूड कागदावर घेतो. हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, तेवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

तो हैदराबादचा मुलगा वाईट नव्हता. सराव संपला की आम्ही एकाच नळाला तोंड लावून पाणी प्यायचो. अशाच एका संध्याकाळी तो मला सांगून बसला, की कॉलेजच्या कागदांवर त्याचं वय दोन वर्षं कमी लावलंय. त्याच आठवड्यात विद्यापीठाकडे एक निनावी अर्ज गेला. रेघी कागदावर, डाव्या हाताने लिहिलेला. चौकशी झाली. मुलाला घरी पाठवलं. मला वाटलं होतं, तो गेला की चौथी जागा माझी. पण त्यांनी अख्ख्या टीमलाच त्या वर्षी बाद केलं आणि तुमच्याकडून टीम काढून घेतली. त्याची ट्रंक रिक्षात ठेवायला मीच हात लावला. तो म्हणाला, "अब तू खेल, यार." खेळायला उरलं होतं काय? मी कॉलेज सोडलं.

महिन्याभराने तुम्ही मला घरी बोलावलंत. बाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या, तुम्ही पाटावर बसला होता, आणि मला समोर बसवून तुम्ही म्हणालात, "जिमखान्यात मार्करची जागा आहे. अर्ज लिही. शिफारस मी देतो." मार्कर म्हणजे मेंबरांना खेळवायला ठेवलेला माणूस. त्याने चेंडू परत द्यायचा, जिंकायचं नाही. मी तिथेच अर्ज लिहिला. तुम्ही पेन्सिल घेऊन वाचलात आणि एका शब्दाखाली रेघ मारलीत. "विद्यापिठ नाही रे, विद्यापीठ. पी दीर्घ. मागच्या वेळीही ऱ्हस्वच काढला होतास." मग खाली शिफारस लिहून सही केलीत. बाईंनी माझ्या पानात भाकरी वाढली. ती मी कशी खाल्ली मला आठवत नाही.

मास्तर, त्याआधी मी तुमच्यासमोर तो शब्द एकदाही लिहिला नव्हता. चौकशीत तो निनावी अर्ज तुम्हाला दाखवला होता, हे मला पुढे कॉलेजच्या शिपायाने सांगितलं. मग मी हिशोब बसवला. तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही मला पोलिसात न देता, कॉलेजात न सांगता, आयुष्यभर दुसऱ्यांना जिंकवायच्या नोकरीला लावलंत. चौतीस वर्षं मी डॉक्टरांच्या, वकिलांच्या, साहेबांच्या ढेऱ्यांना झेपेल असे चेंडू दिले. "वेल प्लेड, साहेब," म्हणत नेटपाशी गेलो. दर वेळी तुमचं नाव घेतलं, आणि ते चांगल्या अर्थाने नाही. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मेंबर म्हणाले, आज खेळ बंद ठेवू. मी म्हटलं, कशाला? आणि नेहमीपेक्षा दोन सेट जास्त खेळलो.

आता पुन्हा तसाच अर्ज लिहिलाय. या वेळी उजव्या हाताने. त्या मुलीचे तास, रेस्टॉरंट, सगळं. एकदा का तो पोचला, की तिचं परमिट जाईल, टीममधली जागा मोकळी होईल. फक्त इंग्रजी करायचं होतं. नातीला विचारलं, "निनावीला इंग्रजीत काय म्हणतात?"

"अनॉनिमस. व्हाय?"

"असंच."

तिला मराठी वाचता येत नाही, पण विद्यापीठाचं नाव मी इंग्रजीत लिहिलं होतं. ती कागदाकडे बघत राहिली. "आजोबा, इज दिस अबाउट हर?" मला खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. सगळं सांगितलं. म्हटलं, "ती जागा तुझी आहे. इथे जन्मलीस, इथे खेळलीस. ती बाहेरची आहे." नात म्हणाली, "यू आर फ्रॉम नागपूर, आजोबा. शी इज फ्रॉम नागपूर. हू इज बाहेरची?" मग म्हणाली, जानेवारीत कोच सगळ्यांना पुन्हा एक ट्रायआउट, म्हणजे निवडीची चाचणी, देणार आहे, तिथे तिला त्या मुलीशी खेळायचंय. "ॲट लीस्ट लेट मी लूज टू हर प्रॉपर्ली." नीट हरू दे म्हणते. मला ही भूक कळत नाही. माझ्या घरात हरायचं काम मी एकट्याने पुरेसं केलंय. ती बॅग गॅरेजमधून काढून घेऊन गेली.

मग मी फोनकडून इंग्रजी करून घेतलं. फोन कशाला नाही म्हणत नाही. लायब्ररीत छापून आणलं. पाकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, तिकीट लावून. सुनेला फिरायला जातो सांगून दोनदा कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेलो. एकदा झाकण उघडलंसुद्धा. बर्फाने ते करकरलं, आणि मी असा दचकलो की जणू कुणी पाठीमागे उभं आहे.

तेव्हा एकच सांगा. ती शिफारस तुम्ही दया म्हणून दिलीत की शिक्षा म्हणून? शिक्षा असेल तर मला सूड तुम्हीच शिकवलात, आणि हे पाकीट मी आजच पेटीत टाकतो. पण तुम्हाला सगळं कळूनही एका पाणी मारणाऱ्याच्या पोराला पोटापाण्याला लावावं असं वाटलं असेल, भाकरी त्याच मनाने वाढायला सांगितली असेल, तर पन्नास वर्षं मी कुणावर दात खात होतो? आणि मग त्या मुलीला चहा पाजून मी काय करायला निघालोय?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मला कळतं, इतका काही मी खुळा नाही. गटिंगच्या वहीत मागे घडी करून ठेवीन. एक मात्र कबूल करतो. तुम्ही 'शिक्षा' म्हणून कळवलंत, तर मला जास्त बरं वाटेल.

ट्रायआउट तीन आठवड्यांवर आलंय. त्याआधी काय ते कळवा, मास्तर. लवकर कळवा.