टायरमधली हवा

रवि., ९ नोव्हें.
दिगंबरचा उजवा हात मोडला. मनगटाजवळ. प्लास्टर सहा आठवडे.
सकाळी दोघं जिंतूरच्या डोंगराकडं गेलो होतो. माझी जाड टायरची सायकल पहिल्यांदाच त्याला दिली, त्याची साधी मी घेतली. उतारावर दगडगोटे लागले, हँडल उसळलं, तो उजव्या हातावर पडला. दवाखान्यात डॉक्टरला सांगत होता, माझाच तोल गेला. मी शेजारी उभा.

सोम., १०
आठवीला हवेचा दाब शिकवायचा होता. धडा पुढं ढकलला.
इथं तरी लिहून ठेवतो. ह्या सायकलला शॉकअप नाही, धक्का खायचा तो टायरनंच. म्हणून डांबरीवर हवा कडक, पायवाट लागली की थोडी सोडायची. मी दर रविवारी सोडतो. काल सोडली नाही. विसरलो नव्हतो. रस्ताभर तो म्हणायला होता, "एवढ्या जाड टायरवर कुणीबी चालवंल, ह्येच्यात तुजं काय कौतुक?" वाटलं, बसू द्या दोन हिसके. दोनच...

गुरु., १३
दिगंबरकडं गेलो. जातीनं गुरव; देवळात दोन्ही वेळच्या आरतीला नगारा तोच वाजवतो, वडील गेल्यापासून. सध्या वहिनी वाजवायल्यात. देवळाची मंडळी आता विजेवर वाजणारं यंत्र आणू म्हणतायत. हात पहिल्यासारखा होईल का, डॉक्टर नीट सांगत नाही.
वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी संगं होता म्हणून बरं."


रवि., १६
एकटाच गेलो. हवा सोडली, तोच उतार उतरलो. काहीच झालं नाही. हँडल जरा थरथरलं, बस्स.
हवा सोडायला अर्धं मिनिट लागलं.

बुध., १९
शाळा सुटल्यावर सांगून आलो. दिगंबर ओट्यावर बसला होता. हवेचं सांगितलं, मुद्दाम केलं तेही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,
"मी पडलो तवा तू मागं हसला होतास का रे?"
वाटलं होतं, त्याला ऐकू गेलं नसेल.
"हसलो होतो."
तो प्लास्टरकडं बघत बसला. आरतीची वेळ झाली म्हणून वहिनी बाहेर आल्या. तो उठला, त्यांच्या मागं चालू लागला. मला ये म्हणाला नाही. जा पण म्हणाला नाही.
चपला घालून मी तिथंच, ओट्याखाली उभा राहिलो.