बांधापुढची तिवरं

मी, गोजराबाई देवजी भोईर, वय अदमासे सत्तर, राहणार नेरूळ गाव, धंदा शेती, पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहवून घेत आहे. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन बोलावं. लिहिणाऱ्या बालवाडीच्या सुमित्राबाई.

१. राहतं घर मुलगा हिरामण याला. बिल्डरच्या सांगण्यावरून ओटा फोडून दुकानाचे गाळे काढायचे तर निदान माझे दिवस होईपर्यंत थांब रे बाबा.

२. जातं, कोयते आणि भाताची कणगी लेक पुतळा हिला. कणगीत खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या तांबड्या भाताचं बी आहे. ते शिजवून खाऊ नये, दर साली पेरावं.

३. आता खरं सांगते. एकाहत्तर साली बांधापुढची, लाटा अडवणारी तिवराची झाडं मी तोडली. चुलीला नव्हे, वीटभट्टीला विकायला. वाटलं, माझ्या चार मोळ्यांनी खाडीचं काय बिघडतंय? श्रावणातल्या उधाणाला लाटा थेट बांधावर आल्या, बांध फुटून खांड पडली आणि खारं पाणी अठरा घरांच्या भातात शिरलं. तीन वर्षं दाणा पिकला नाही. त्या दिवशी उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, राखण नामा घरत यांची होती. गाव म्हणालं, नामा झोपला म्हणून पाणी शिरलं. मी गप्प बसले. लग्नकार्याला त्यांना कोणी बोलवेना, तरी गप्प. मेली लाज अजून जात नाही.

पुढे दर पावसाळ्यात मी चिखलात तिवराचं बी खोचलं. हिरामण म्हणायचा, "आये, येडी झालीस काय? चिखलान कोन पेरतं?" आज ती तिवरं माझ्या डोक्यावर गेलीत. बांधाला पुन्हा खांड नाही. खाडीतले चिंबोरी-खेकडे परत आले, ते विकून पुतळा घर चालवते. कागदावर तिवरं माझी नाहीत, लावली मात्र मी.

४. बाकी शेतं शहरासाठी सरकारात गेली. बांधालगतचा उरलेला तुकडा नामा घरत यांना, माझ्या चुकीपोटी. *(खोडले.)*

खोडण्याचं कारण : नामाभाऊ इथेच बसलेत. ऐकून म्हणाले, "वयनी, जमीन घेनाऱ्याला साक्षीदार होता येत नाय, वकील सांगत होता. मना जमीन नको. मना साक्षीला बसव. आनि तीन नंबरचं कलम गावदेवीच्या पारावर वाचू दे, तेवढं बास."

बरं. तुकडा पुतळाला. अट एकच, बांधापुढचं एकही तिवर तोडायचं नाही. हिरामण, तुझ्या बिल्डरलाही हे सांग. आणि पारावरचं वाचन उद्याच करावं. मी मेल्यावर वाचाल तर लोकांसमोर मान खाली कोण घालणार? मी स्वतः येऊन बसेन.

वर लिहिलेलं मला वाचून दाखवलं, बरोबर आहे.

नेरूळ, दि. ९ सप्टेंबर १९८६
गोजराबाई देवजी भोईर (अंगठा)

साक्षीदार :
१. पंढरी शिवराम ठाकूर, धंदा : किराणा दुकान (सही)
२. नामा हिरू घरत, धंदा : उघाडीचा राखणदार (सही)