आईच्या खोलीतलं पाणी

जुन्नर
९ मे २०२५

चि. गोरख यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

चार दिवस तू फोन लावतोयस आणि मी उचलत नाहीये, ते मुद्दाम. फोनवर तू एक बोलतोस आणि दुसऱ्या दिवशी, मी असं म्हटलंच नव्हतं म्हणून हात झटकतोस. इथून पुढं जे सांगायचं ते कागदावर लिही. लिहिलेलं फिरवता येत नाही.

आईला काल दवाखान्यातून घरी आणलं. तुझ्या श्रेयाच्या लग्नात ऐन अक्षता पडताना ती खुर्चीतून घसरली, तेव्हा तू पाहुण्यांना सांगत होतास, की म्हातारीला सगळ्यांनी आपल्याकडं बघावं अशी खोडच आहे. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलं नव्हतं. लघवीला जंतू होऊन ताप डोक्यात चढलेला. मी कार्यालयातूनच गाडीत घालून आणली म्हणून निभावलं. मे महिन्याच्या उन्हात बाई पाणी का पीत नाही, असं त्यांनी मला विचारलं. आईला विचारलं तर तिनं भिंतीकडं तोंड केलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी तिच्या खोलीतला संडास तुंबला, घरभर घाण पाणी झालं, कबूल. पण वीस बायकांदेखत तू तिला म्हणालास, की वय झालं तरी अक्कल नाही, चिंध्या कोंबून नातीच्या लग्नाची माती केलीस. अरे, तुझं हगणं-मुतणं जिनं काढलं, तिला तू संडासावरून बोललास! आता ती दिवसातून दहा वेळा मला विचारते, की मी खरंच काय टाकलं असेल गं? तिला आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून जास्तच घाबरते. तू निदान चुकलो म्हण. त्याशिवाय मी तिला मंचरला पाठवणार नाही.

आंब्याची पेटी पोचली, त्यात चार नासके निघाले. ह्यांची तब्येत बरी आहे. स्नेहलला आशीर्वाद सांग.

रागावले आहे, तरी जीव तुझ्यातच आहे.

तुझी ताई,
मोहिनी

*

मंचर
१४ मे २०२५

ती. ताईस,
गोरखचा शि. सा. न. वि. वि.

कागदावर तर कागदावर. शाळा सुटल्यापासून पहिलंच पत्र लिहितोय, शुद्धलेखन काढू नको.

तू हळदीला नटूनथटून आलीस, तोवर मी आणि स्नेहल, दोघा नवरा-बायकोनी गुडघ्यावर बसून घर पुसलं व्हतं. आईच्या खोलीतनं पाणी निघालं ते थेट मधल्या खोलीत, जिथं रुखवत मांडलेलं. सहा महिने स्नेहल रात्रंदिवस त्याच्यामागं व्हती. साखरेचं तुळशीवृंदावन विरघळून त्याचा नुसता चिकट पाक झाला. आहेराच्या साड्यांचा गठ्ठा फरशीवर, खालच्या साऱ्या गेल्या. गाद्या उन्हात टाकल्या तर वास आख्ख्या आळीला. कपाटाचं प्लायवूड फुगलं, अजून दार लागत न्हाई. व्याही दुसऱ्या दिवशी यायचे आणि आम्ही फिनेलच्या बाटल्या ओततोय. त्या वेळी तुझ्या तोंडून काय ओव्या आल्या असत्या, सांग की.

आईला विचारलं, काय टाकलंस, तर गप्प. न्हाई म्हणाली असती तर मी ऐकलं असतं. मागच्या दिवाळीत तिनंच फडकं टाकलं व्हतं, तुलाही ठाऊक आहे. मग या वेळी काय भूत आलं व्हतं का? रागात माणूस बोलतो. आणि ती पाणी पीत न्हाई यात माझा काय दोष? माठ तिच्या उशालाच व्हता.

लग्नाची मुहूर्तमेढ अजून दारात उभी आहे. आपल्यात लग्नानंतर सोळा दिवस ती हलवत न्हाईत. २० तारखेला मेढ काढायची, श्रेया आणि जावई आळेफाट्याहून येणार. आजी कुठंय विचारलं तर काय सांगू? घरचं वडील माणूस मेढ काढताना पाहिजे. तिला पाठव, झालं गेलं गंगेला मिळालं.

भावाला दोन शिव्या जास्त दे, पण माया आटू देऊ नको. दाजींना नमस्कार.

तुझा,
गोरख

*

मंचर
२५ मे २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्राला तुझं उत्तर न्हाई, आईलाही पाठवलं न्हाईस. आता हे पत्र एकटी असताना वाच आणि वाचून चुलीत घाल.

मेढ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी वर आलं. आईच्या खोलीत तर कुणीच न्हाई. स्नेहल म्हणाली, आता कुणाचं नाव घ्यायचं? पाइपलाइन टाकणाऱ्या बहिरूला बोलावलं. त्यानं आतून सळई घातली, ती अंगणात बरोबर मेढीच्या खड्ड्यापाशी अडली. उकरून बघितलं. पाइप फुटलेली, आणि तिच्यात माती, हळकुंड, सुपारी, मेढीची मोडकी ढलपी, सगळं गच्च बसलेलं.

अक्षय तृतीयेला अंगणातला कोबा फोडून तो खड्डा मीच घेतला व्हता. गुरुजी घाई करत व्हते, मुहूर्त टळंल म्हणून. पाच सवाशिणी ताटं घेऊन उभ्या. पहारीखाली कायतरी कडकन मोडलं, ते हाताला कळलं व्हतं. दगड असंल म्हणालो आणि वरनं मेढ ठोकली. आईचा काही संबंध नव्हता.

पण ताई, हे आळेफाट्याला कळलं तर? लग्नाची मेढ संडासाच्या पाइपात रोवली म्हणतील. श्रेयाच्या सासूला शकुन-अपशकुनाचं लई वेड. पोरगी साधी शिंकली तरी त्या मेढीचं नाव निघंल. बहिरूला शपथ घातली आहे. लोकांना वाटतंय ते वाटू दे. आईला या वयात कोण नावं ठेवणार? तिलाही सांगू नको, तिच्या पोटात राहायचं न्हाई.

नवी पाइप टाकली. आईच्या खोलीला रंग दिला, तिला आवडतो तसा फिकट हिरवा. गाडी कधी पाठवू ते कळव.

चुकलो. तुला पाहिजे व्हतं ना, लिहिलं. आता भावाला पदरात घे.

तुझा,
गोरख

*

जुन्नर
३० मे २०२५

चि. गोरख यास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र चुलीत घातलं नाही. आईला वाचून दाखवलं. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून वाचलं.

आईचा काही संबंध नव्हता, ही ओळ तिनं तीनदा वाचून घेतली. मग तोंडाला पदर लावून रडली. रडून झाल्यावर म्हणाली, की गोरखला कळव, कुणाला सांगू नको म्हणावं, पोरीला सासरी बोल लागंल. ऱ्हाऊ दे माझ्या नावावर, मला कुठं आता लगीन जमवायचंय. तिच्या शब्दाखातर मी गप्प बसेन. तुझ्याखातर नाही.

पण हाताला कळलं होतं म्हणतोस. मग पाणी वर आलं तेव्हा कुठं उकरायचं, हे तुला ठाऊक होतं गोरख. लग्नाआधी मेढ हलवायची नव्हती, म्हणून आईला पुढं केलंस. कपाट फुगलं, साड्या गेल्या, त्याचं मलाही वाईट वाटतं. स्नेहलची सहा महिन्यांची मेहनत गेली. पण हे तू केलंस ते मला गिळवत नाही.

घरी जायचं का, असं आईला विचारलं, तेव्हा कुठं तिनं पाणी का सोडलं ते सांगितलं. मी हळदीला पोचायच्या आधीची गोष्ट. हिनं तोही तुंबवायला नको म्हणून अंगणातल्या संडासाला तुम्ही कुलूप घातलं आणि किल्ली स्नेहलच्या कमरेला. पाहुण्या येतील तशी ती उघडून देत होती. आई मागायला गेली तर तिनं तुझ्याकडं बोट दाखवलं. तू व्याह्यांशेजारी बसून मोठ्यानं म्हणालास, की सकाळीच तर जाऊन आलीस. माणसं हसली. तूही हसलास. तेव्हापासून अक्षतांपर्यंत आईनं घोटभर पाणी तोंडात घेतलं नाही. जाण्याची पाळीच यायला नको, म्हणून.

फिकट हिरव्या रंगाचं सांगितलं. छान दिसत असंल म्हणाली. मग म्हणाली, की तिथं मला आता विचारून जावं लागंल.

गाडी पाठवू नकोस. तुला आईला बघावंसं वाटलं तर एसटीनं ये, जेवून जा, तिच्या पायाशी बस. फक्त घरी चल, असं तिला म्हणू नकोस. तू म्हणालास तर ती येईल.

मोहिनी