मामाच्या गाडीचं प्लंबिंग

मोहने, रविवार

बायजाताई, तुला नि दाजींना चांगदेवचा मनापासून जयभीम. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना? (तेलाचाच विषय आहे, पुढे येईलच.) फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन दाजी उचलतात आणि स्पीकरवर टाकून अख्ख्या मुरबाडला ऐकवतात, म्हणून पत्र.

तर आपल्या दिशाच्या लग्नाला नवरी मामाच्याच गाडीतून माळशेज चढून ओतूरला जाणार, हा माझा शब्द आहे. साखरपुड्याला जाताना घाटात इंजिनचं ऑइल तापून पाण्यासारखं पातळ झालं, लाल दिवा लागला, आणि दाजींनी त्यांच्या भाजीच्या टेम्पोला दोर बांधून आपल्याला वर ओढलं. वर पोचल्यावर पाव्हण्यांसमोर म्हणाले काय, तर मेहुण्याची गाडी पेट्रोलवर नाही, दोरावर चालते! सगळे हसले, मीही हसलो, पण मनाला लागलं गं. एकटी दिशा म्हणाली, "बंद पडली तर शालू खोचून धक्का मारीन, पण जाईन मामाच्याच गाडीतनं." त्या पोरीसाठी मी काय पण करीन.

आमच्या सुमितने (वागळे इस्टेटला गाड्यांच्याच वर्कशॉपमध्ये आहे ना) उपाय काढला, ऑइल कूलर. म्हणजे एक छोटी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसवायची. एका पाइपातून तापलेलं ऑइल तिच्यात जातं, वाऱ्यावर निवतं आणि दुसऱ्या पाइपातून इंजिनात परत येतं. (त्याच्या आईला, भीमाला, वाटलं हवेचा कूलर. अख्ख्या चाळीत सांगून आली, ह्या वेळी प्रवास गारेगार.) शुक्रवारी त्याने जाळी बसवली आणि कामावर जाताना म्हणाला, "पप्पा, आता फक्त प्लंबिंग राहिलंय, उद्या संध्याकाळी करतो."

प्लंबिंग! ताई, अर्ध्या मोहन्याचे नळ ज्याने बसवले, त्याच्या दारात प्लंबिंग संध्याकाळपर्यंत थांबतं होय? शनिवारी सकाळीच मी झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप कापला, जोडांना सफेदा-सुतळी गुंडाळली आणि मधे एक पितळी नळ टाकला, भीमाच्या मोरीतला काढून. (लाइन म्हटली की कॉक पाहिजेच!) अंगात लग्नासाठी शिवलेला पांढरा सफारी, बसतो का बघायला घातलेला. गाडीची चावी फिरवली. नळ बंदच राहिलेला. पाइप आधी फुगला, मग थरथरला आणि मग जो सुटला! सफारी काळा, मी काळा, शेजारच्या संचिताच्या वाळत घातलेल्या कुरडया काळ्या. इंजिन बंद करून उतरलो तो त्याच ऑइलवरून घसरत थेट भीमाच्या पायाशी. म्हणते कशी, "झालं का गारेगार?"

सुमित आला, बघितलं आणि हसून हसून रस्त्यातच बसला. मग त्याने ऑइलसाठीचे जाड पाइप आणले, टोकं आवळली, नवं ऑइल भरलं. मी गपचूप बॅटरीचा उजेड धरून उभा. आणि आज सकाळी गाडी माळशेजला नेली. ताई, सगळा घाट चढलो, लाल दिवा एकदाही नाही! वर उतरून मी नाचलो, सुमित नाचला, एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून साथ दिली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. (हे भीमाला कळवू नकोस, आधीच मोरीत नळ नाही.)

लग्नाच्या आदल्या दिवशी पोचतो, गाडीसकट.

तुझा भाऊ,
चांगदेव

ता. क. दाजींना सांग, त्या दिवशी टेम्पोला खुशाल दुसरं भाडं घ्या.

ता. क. २. ट्रायलला गाडीत आम्ही दोघंच होतो, हे आत्ता भीमाने दाखवून दिलं. लग्नाला तू, भीमा, नवरी आणि टपावर रुखवत. तेव्हा दाजींनी भाडं घ्यायचंच तर ओतूरचं घ्यावं आणि आमच्या मागे मागे यावं. दोर असू दे, वजन थोडंच होतंय?

ता. क. ३. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. दिशाला म्हणावं, शालूवर चप्पल सपाट घाल.