दीडचे दोन

९ जून

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गुडघा शेकतोस ना, की नुसताच वहिनीसमोर कण्हतोस? इकडे आम्ही मजेत. हे निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा करतात आणि दिवसभर त्याचं कौतुक ऐकायला थांबतात. कारखान्यात मला वजनखोलीची प्रमुख केलं. भांड्यांना झिलई देण्याच्या पुडी आता माझ्या सहीशिवाय हलत नाहीत.

त्या जागेसाठी दहावी लागत होती. तुला बोलले नव्हते, पण मार्चमध्ये मी बाहेरून परीक्षेला बसले. पास झाले. विज्ञानात बहात्तर! नापास झाले असते तर तोंडातून ब्रही काढला नसता.

तू लिहिलंस, नातीच्या डोक्यात रसायनशास्त्र शिरत नाही, वर ती उलट उत्तरं देते, तेव्हा पुढे तिला विज्ञानाला घालू नको, असं मुलाला सांगणार आहेस. ते वाचल्यापासून तीन दिवस लिहू की नको चाललंय. तुझ्या गुडघ्याचं विचारून झालं, आता मुद्द्यावर येते.

अभ्यासात टक्क्यांवरून सूत्र काढायचं गणित आलं. सत्तर टक्के लोह, तीस टक्के ऑक्सिजन. अणुभारांनी भागलं की प्रमाण निघतं एकास दीड. मी वही मिटून उठलेच. आपलं तेच गणित, दादा. तू कॉलेजात, मी पंधराची, जेवणाच्या टेबलावर तू मला शिकवत होतास.

तू म्हणालास, "अर्धा अणू असतो का कुठे? दीडचे दोन कर."

मी म्हणाले, "मग दोघांची दुप्पट करू ना. लोहाच्या आयनावर तीन धनभार, ऑक्सिजनच्या आयनावर दोन ऋणभार. दोन लोह, तीन ऑक्सिजन घेतले की सहाला सहा जुळतात."

तू पेन्सिल ठेवलीस आणि बाबांना सांगितलंस की हिला हे जमणार नाही. बाबांना तुझा शब्द म्हणजे शेवटचा. माझी शाळा सुटली. आणि गंमत म्हणजे मलाही ते पटलं. चाळीस वर्षं मी स्वतःला ढ समजत आले.

वजनखोलीत तांबड्या पुडीचं पोतं असतं. त्यावर ठळक छापलंय, Fe₂O₃. अकरा वर्षं मी ते पोतं उचलतेय, पण ती अक्षरं शिकलेल्यांसाठी असतात म्हणून कधी वाचलीच नव्हती. त्या गणितानंतर दुसऱ्या दिवशी वाचली. पोत्यावरच बसले, रडले, मग एकटीच हसले. साडी तांबडी झाली.

तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस टिकला. तू वीस वर्षांचा होतास, तुला मित्रांकडे जायची घाई होती. आणि आज मी सुखात आहे, अगदी मनापासून सांगते. पण आता तुला कसली घाई आहे?

मुलाला काही सांगू नकोस. नातीसमोर बस, तिचं उलट उत्तर शेवटपर्यंत ऐक, कागदावर करून बघ. चुकली असेल तर पुन्हा शिकव. बरोबर असेल तर तिला तसं तोंडाने सांग. मला कोणी सांगितलं नाही, आणि ऐकायचं होतं ते तुझ्याच तोंडून. अजूनही ऐकायचंय.

तुझीच,
धाकटी