दोन माणसांचं घर

आई, एकट्या बाईच्या घरात पाहुणा देत नाहीत म्हणे. घर सारवलेलं असू दे, भिंतींना चुना दिलेला असू दे, दारात पाण्याची टाकी भरलेली असू दे, बाई एकटी म्हणजे ते घर धरायचंच नाही. आणि हे मला सांगितलं कुणी, तर ज्याला अजून मिसरूड नीट फुटलेलं नाही अशा पोरानं. माझ्याच हातची चपाती चहात बुडवून खाता खाता सांगितलं. "मावशी, फॅमिली पाहिजे ओ. एकटं माणूस म्हणजे फॅमिली नाही ना होत." माझे दोन्ही हात पिठात होते म्हणून तो वाचला.

थांब, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील ही अर्धंच बोलते आणि भांडायला उठते. आपण शेरडं चारायचो ना, त्या माळावर आता कॉलेज आहे. तू असताना तिथं तरवड आणि कुसळं होती. आता डॉक्टरकीची पोरं, नर्सिंगची, दातांची, हातापायाचा व्यायाम करून घ्यायला शिकणारी, सगळी तिथं राहतात आणि त्यांच्या मेसमध्ये मी भाकऱ्या करते. या पोरांनी यंदा परिषद काढली आहे, साऱ्या जगाच्या आरोग्याची. सर लोकांनी नाही, पोरांनीच. सर लोक नुसत्या सह्या करतात. गेले कितीतरी दिवस मेसमध्ये दुसरं बोलणं नाही. जेवता जेवता भांडतात, ताटातला भात वाळून जातो, मोबाईलवर परदेशातल्या पोरांशी इंग्रजी बोलतात आणि मधेच माझ्याकडं वळून मराठीत चटणी मागतात. एकदा टेबलावर सगळ्या देशांचे कागदी झेंडे चिकटवत बसले होते आणि मला विचारतात, मावशी, हा हिरवा वर का खाली. मी म्हटलं, ज्याचा झेंडा त्याला विचारा, माझा तवा तापलाय. हसली सगळी. हसली की बरं वाटतं, मग तेवढा वेळ मेस भरल्यासारखी वाटते.

तर परिषदेच्या शेवटच्या दिवशी परदेशी पाहुण्यांनी एकेका घरात एक रात्र राहायचं, असं पोरांनी ठरवलं. आजारी माणसाचं घरात कोण बघतं, पाणी कुठून येतं, म्हातारी माणसं कुठं झोपतात, हे सगळं त्यांना दवाखान्यात बसून कळत नाही म्हणे. मला हे पटलं. आणि हे काम आहे कोल्हारच्या पोरीकडं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नदीकाठची, उसातली पोरगी, बोलणं पण पाटाच्या पाण्यासारखं, सुरू झालं की बांध लागत नाही. दिवसभर पळते, जेवते ती उभ्यानं, म्हणून मी तिची भाकरी दुरडीत झाकून ठेवते. ती चुलीपाशी आली आणि म्हणाली, तुमच्यापैकी कुणाला पाहुणा ठेवायचाय का. मी पहिली बोलले. दुसरी बोलायच्या आत बोलले. मग तिनं विचारलं, घरात कोण कोण असतं मावशी, आणि मी म्हटलं, मी असते. तेव्हा तो चहा-चपातीवाला बोलला. कोल्हारची पोरगी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होती, पण नियम त्यांचा सगळ्यांनी मिळून केलेला, तिला पण मोडता येईना. खाली बघायला लागली. मला तिचं ते खाली बघणं सहन होईना. आणि माझ्या तोंडून निघालं, "एकटी कोन म्हनतंय? आई हाय की घरी."

माझ्या शेजारच्या तव्यावर आपली शेजारीण असते. तिची भाकरी तव्यावरच राहिली, करपल्याचा वास सुटला. पोरीचं तोंड मात्र उजळलं. आजी आहेत? चालतात का? मी म्हटलं, चालत नाही, बाजेवर असते. हातानं जेवतात का? म्हटलं, डाव्या हातानं जेवते, उजवा गेलाय. दिवसा झोपते, कण्या ताकात कालवून दिल्या तरच खाते, कूस बदलायची तर मला हाक मारते. आई, यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त जुनं होतं. पोरगी जवळजवळ नाचायलाच लागली. एक पाहुणी येणार होती आफ्रिकेतली, ती म्हाताऱ्या माणसांची देखभाल शिकतेय, तिला म्हातारं माणूस असलेलंच घर हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. "मावशी, तुमच्यामुळं माझं डोकं शांत झालं बघा," म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसून जेवली.

तू म्हणशील, जीभ एवढी कशी घसरली. घसरली नाही. मी रोजच बोलते तुझ्याशी. लाईट गेली की तुला सांगते, मांजर दुधाला लागलं की तुला हाक मारते. तुझी बाज आहे तिथंच आहे, खिडकीखाली. घर केवढंसं, पण ज्वारीचं पोतं मी त्या बाजेवर कधी टाकलं नाही, ते दारामागं उभं करते आणि येता जाता त्याला ठेचकाळते. तर कुणी घरातली माणसं विचारली की माझ्या डोक्यात दोनच येतात. दुसरी येते, मग ती नाही हे मागून येतं.

आणि पाहुणा मला का पाहिजे होता, ते तर तुझंच केलेलं आहे. मी लहान असताना शेवटची एसटी गेली आणि फाट्यावर एक बाई तशीच बसून राहिली होती, ओळख ना पाळख, जामखेडच्या पुढं कुठंतरी जायची. तू तिला घरी घेऊन येतेस. दारात थांबवतेस, भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून लांब टाकतेस, पायावर पाणी घालतेस, गुळाचा खडा हातावर ठेवतेस. नाव अजून विचारलेलं नाही. मग माझी गोधडी काढून तिला देतेस. मी पाय आपटते, माझी गोधडी आहे, तिला का. तू माझ्याकडं बघत पण नाहीस, गोधडी झटकता झटकता म्हणतेस, "गोदडी तुजी न्हाई, घराची हाय." मी रडत तुझ्या पदराखाली झोपले. सकाळी ती बाई गेलेली होती आणि गोधडीची घडी माझ्या घडीपेक्षा चांगली होती, त्याचा पण मला राग आला.

दुसऱ्यांदा तू भाकरतुकडा काढलास तो माझ्यासाठी. कर्जतहून मी आले, नवऱ्यानं दुसरी आणून घरात बसवली त्यानंतर, हातात एक पिशवी. मला वाटत होतं तू विचारशील, ओरडशील, शेजारणीला बोलावून रडशील. तू चुलीपुढून उठलीस, तुकडा मोडून घेतलास आणि मला दारात थांबवून माझ्यावरून ओवाळलास. मला असा राग आला. म्हटलं, मी काय पाहुणी हाय का. तू माझ्या पायावर पाणी घातलंस आणि म्हणालीस, "आज हायस. उद्यापासनं चूल तुजी." आणि खरंच दुसऱ्या दिवशी काठवट माझ्याकडं सरकवून तू शेतात निघून गेलीस. त्यानंतर आपण दोघींनी त्या माणसाचं नाव घरात काढलं नाही. कुणी विचारलं की तू म्हणायचीस, आमी दोघी असतो. एवढंच. ते "आमी दोघी" माझ्या तोंडात बसलं, ते तुझ्या मागं कसं काढायचं ते तू शिकवून गेली नाहीस. भाकरी शिकवलीस, बोळ्यानं दूध कसं पाजायचं ते शिकवलंस, हे नाही.

मंगळवारी कोल्हारची पोरगी घर बघायला आली, स्कूटीवर. संडास बघितला, पाणी बघितलं, उशाला पंखा लागेल का विचारलं. मग बाजेकडं बघून म्हणाली, आजी कुठं आहेत? मी तुझ्या बाजेवर धुतलेली गोधडी घालून ठेवली होती, का घातली ते मला विचारू नको. मी म्हटलं, कर्जतला गेलीय माझ्या मावशीकडं. ती म्हणाली, बाजेवरचं माणूस कर्जतला कसं गेलं? म्हटलं, टेम्पोत घालून नेलं. शेजारीण भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती, तिनं मान वर काढली. मला वाटलं संपलं. तिनं पोरीला बघितलं, मला बघितलं आणि म्हणाली, "व्हय, लई जपून न्हेलं. मी सोता उशी दिली." पोरगी बिचारी खूश होऊन म्हणाली, मग शुक्रवारपर्यंत आणा हां मावशी, पाहुणी त्यांच्यासाठीच येतेय. स्कूटी वळणावर गेली तशी शेजारीण भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली. म्हणाली, "आता कुनाला निजवनार? मला निजव की बाजंवर. नुस्तं कन्हायचं ना? घरी तरी दुसरं काय करते मी." मी तिला नाही नाही ते बोलले. ती हसत होती, मग हसायची थांबली. म्हणाली, पोरीला खरं सांग, ती चांगली आहे. मी म्हटलं, सांगितलं की पाहुणी दुसरीकडं जाईल. ती म्हणाली, मग जाऊ दे की. तिला काय, तिच्या घरात चार नातवंडं लोळतात.

आज परिषद सुरू झाली. मी दुपारची पंगत उरकून आले आणि हे लिहायला बसले, अजून नखात पीठ आहे. मांडव घातलाय, पोरं एकसारखे सदरे घालून पळतायत, माईकवर बोलताना पोरं पाठीमागं हातातला कागद चुरगाळत होती ते मला मागून दिसत होतं. तो चहा-चपातीवाला पण बोलला, बरा बोलला. जेवणाच्या वेळी कोल्हारची पोरगी त्या पाहुणीला घेऊन चुलीपाशी आली. उंच आहे, केसांच्या बारीक बारीक वेण्या, आणि हात जोडताना एवढी वाकली की तिच्या गळ्यातलं कार्ड पिठात पडलं. मी पुसून दिलं. मग तिनं एकदा कोल्हारच्या पोरीकडं बघितलं, जसं शाळेत कविता म्हणायच्या आधी बाईंकडं बघतात तसं, आणि मराठीत म्हणाली, "आजी कशा आहेत?"

तिला मराठीतलं तेवढंच येतं. तेवढंच पाठ करून आली होती.

आई, किती वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. पूर्वी बाजारात, नळावर, गिरणीत, आई कशी आहे, आई कशी आहे, मी वैतागायचे. म्हणायचे, बघून या की स्वतः. आज मी "बरी हाय" म्हटलं आणि तव्यावरची भाकरी उगाच दोनदा उलटली. त्या पाहुणीनं पिशवीतून एक कापड काढून दाखवलं, पिवळं, मोठाली फुलं असलेलं. तिच्या आईनं तुझ्यासाठी पाठवलंय. मी हात पुढं केला तर मान हलवली, शुक्रवारी ती स्वतःच्या हातानं तुझ्या अंगावर घालणार आहे. शेजारणीनं तोंड फिरवून तवा घासायला घेतला. तवा तापलेला होता.

आता सांग मी काय करू. तू कर्जतलाच राहिलीस म्हटलं तर पोरगी पाहुणीला दुसऱ्या घरी नेईल, आणि दुसरं घर नाही, तिच्या इतक्या दिवसांच्या धावपळीवर पाणी पडेल. आता मेलीस म्हटलं तर सुतकात पाहुणा कोण ठेवतो, शिवाय सगळी पोरं रांगेनं भेटायला येतील, रडतील, आणि मी कुठल्या तोंडानं बसू. खरं सांगितलं तर ती पोरगी माझ्याकडं कशी बघेल ते मला बघायचं नाही. शेजारीण म्हणते खरं सांग. सोपं आहे तिला. एक गोष्ट मी तिला पण बोलले नाही, तुला सांगते. तू गेलीस तेव्हा अख्खा गाव दारात होता. ज्याला त्याला दिसत होतं. कर्जतला मावशीला फोन केला तो पण शेजारणीनं. त्यामुळं मला कुणाला सांगावंच लागलं नाही. माझी आई मेली, हे मी आजपर्यंत माझ्या तोंडानं एकदाही म्हटलेलं नाही. इथं लिहिलं तेवढंच, आणि ते लिहिताना पण पेन तीनदा खाली ठेवलं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, कुठल्या गावाचा पत्ता घालू. घडी करून तुझ्या बाजेवरच्या गोधडीखाली ठेवते. भाकरतुकड्यासाठी भाकरी वेगळी काढून ठेवणार आहे, ती पाहुणी कुठल्या का कारणानं दारात येईना. तू मात्र नेहमीसारखी गप्प बसू नको. शुक्रवारी दिवस मावळायला गाडी येईल. त्याच्या आत सांग, तू आलीस म्हणू, का मेलीस म्हणू.